कटर मशीन घ्यावी कोणती? स्वस्त की पक्की?

पवनी तालुक्यातील कोंढा हे धानाच्या पट्ट्यातील गाव. धुऱ्यावर बाभूळ, शेतात मोह आणि आंबा, घरामागे निंब किंवा चिंच. ही झाडे मालकाकडून विकत घेणारे ठेकेदार, ती तोडणारे मजूर, ओंडके टालीवर किंवा आरागिरणीवर पोचविणारे ट्रॅक्टरवाले आणि शेवटी चौकटी, पलंग, बंडीचे सामान बनविणारे सुतार मिस्त्री, अशी या धंद्याची साखळी आहे. या साखळीत आमचे बरेच बांधव आहेत. एके काळी दोघांनी ओढायचा आरा आणि दोन कुऱ्हाडी एवढे भांडवल पुरत असे. आता त्या जागी चेनसॉ आली आहे. गावात तिला सारे कटर मशीन म्हणतात.

प्रश्न असा आहे की बाजारात पाच-सात हजारांतही कटर मिळते आणि पन्नास हजारांतही मिळते. दिसायला दोन्ही सारख्या. रंगसुद्धा बहुधा सारखाच, कारण स्वस्त माल बनविणारे नामांकित कंपनीचा रंग उचलतात. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, ही अठ्ठावन्न सीसी आहे, ती पंचेचाळीसच आहे." मग जास्त पैसे का द्यावेत? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोणाला स्वस्त मशीनच योग्य आहे आणि कोणाला ती बुडवील, हे कामावर ठरते. म्हणून आम्ही जरा खोलात जाऊन लिहीत आहोत.

प्रथम दुकानदाराच्या त्या अठ्ठावन्न सीसीचा हिशेब करू. इंजिनची सीसी मोजणे कोणालाही जमते. सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला ०.७८५ ने गुणा, मग पिस्टनच्या चालीने म्हणजे स्ट्रोकने गुणा आणि १००० ने भागा. जर्मनीच्या स्टील कंपनीच्या एमएस १८० या लहान मशीनचा व्यास ३८ आणि चाल २८ मिलिमीटर आहे. गणित केले की सुमारे ३१.८ सीसी येते आणि कंपनीही तेवढेच छापते. स्वीडनच्या हस्कवर्नाच्या ३६५ मशीनचा व्यास ५० आणि चाल ३६. उत्तर ७०.७, छापलेलेही ७०.७. आता समजा, खोक्यावर ५८ लिहिलेल्या बिननावाच्या मशीनचा व्यास ४५.२ आणि चाल ३४ भरली, तर उत्तर ५४.५ येते. साडेतीन सीसी खोक्यातच राहिली. पिस्टन किटच्या पाकिटावर व्यास लिहिलेला असतो आणि मेकॅनिककडे व्हर्नियर असतो. तेव्हा मोठ्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही.

शिवाय सीसी म्हणजे ताकद नव्हे. ताकद किलोवॅटमध्ये किंवा हॉर्सपॉवरमध्ये मोजतात. एमएस १८० सुमारे दीड किलोवॅटची, एमएस २५० सुमारे २.३ किलोवॅटची आणि जंगलकामाची एमएस ३८२ सुमारे ३.९ किलोवॅटची. पट्टी आणि चेन सोडून यांची वजने अनुक्रमे ३.९, ४.६ आणि ६.२ किलोच्या आसपास आहेत. वजनाच्या मानाने ताकद किती, हा खरा मुद्दा, कारण ते वजन दिवसभर तुमच्याच हातात राहणार आहे.

आत काय फरक असतो

वरचे झाकण काढल्यावर फरक दिसतो. व्यावसायिक मशीनचा क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूचा असतो आणि सिलिंडर त्यावर वेगळा बोल्टने बसविलेला असतो. सिलिंडर खराब झाला तर तेवढाच काढून नवा बसवता येतो. घरगुती मशीनमध्ये इंजिन प्लास्टिकच्या अंगात बसविलेले असते आणि क्रँकचा खालचा भाग सिलिंडरलाच जोडलेला असतो. ही पद्धत वाईट नाही. नामांकित कंपन्याही आपल्या लहान मॉडेलमध्ये तीच वापरतात. पण सतत तापणाऱ्या कामात धातूचा सांगाडा उष्णता बाहेर टाकतो, प्लास्टिक तितकी टाकत नाही. उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा हा फरक पुस्तकातला राहत नाही.

दुसरा फरक तेलाच्या पंपाचा. चेन आणि पट्टीला तेल देणारा पंप व्यावसायिक मशीनमध्ये कमीजास्त करता येतो. लहान मशीनमध्ये तो ठरावीकच असतो. लांब पट्टी लावून वाळलेली बाभूळ कापताना जास्त तेल लागते. तेथे ठरावीक पंप अपुरा पडतो, पट्टी निळी पडते आणि चेन ताणली जाते. तिसरा फरक हवेच्या गाळणीचा, आणि आमच्या मते धुळीच्या भागात हा सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वस्त मशीनची गाळणी नीट बसत नाही. बारीक भुसा कडेने आत शिरतो आणि पिस्टनला घासतो. नवी मशीन दोन महिन्यांत "दम सोडते" म्हणतात, ते बहुतेक वेळा यामुळे किंवा ऑइल-पेट्रोलच्या चुकीच्या प्रमाणामुळे.

चौथा फरक कंपनाचा. चांगल्या मशीनमध्ये हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये स्टीलच्या स्प्रिंगा असतात, स्वस्तात रबरी बुश. ते लवकर कडक होतात. स्वीडन, जपान यांसारख्या देशांत साठ-सत्तरच्या दशकात जंगल कामगारांची बोटे पांढरी पडून बधिर होऊ लागली, तेव्हापासून या गोष्टीकडे लक्ष गेले. रक्तवाहिन्या आणि नसा यांना कंपनाने इजा होते आणि ती पुढे भरून येत नाही. युरोपच्या २००२ च्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या दिवसाला हाताला ५ मीटर प्रति सेकंद वर्ग यापेक्षा जास्त कंपन लागू नये, आणि २.५ च्या वर गेले की मालकाने उपाय सुरू करावेत. नामांकित कंपनी प्रत्येक मॉडेलचा हा आकडा आपल्या पत्रकात छापते. स्वस्त मशीनवर तो बहुधा सापडत नाही. जो मिस्त्री कटरही चालवतो आणि रंधा-पटाशीही, त्याच्यासाठी बोटे म्हणजेच दुकान आहे.

अमेरिकेत अशा इंजिनांच्या चिठ्ठीवर ५०, १२५ किंवा ३०० तास असा वर्ग छापलेला असतो. तो धुराच्या नियमासाठी आहे, इंजिनच्या आयुष्याची हमी नाही. तरी कोणती मशीन कोणासाठी बनवली हे त्यावरून कळते. पन्नास तास म्हणजे बागेत वर्षाकाठी दोन-चार दिवस फांद्या कापणारा गिऱ्हाईक. तीच मशीन आपण कोंढ्यात आणून रोज सहा तास चालविली तर पन्नास तास आठ-नऊ दिवसांत संपतात.

पैशाचा हिशेब

व्यापाऱ्याने भावनेने नव्हे, कागदावर ठरवावे. समजा, स्वस्त मशीन सात हजारांची आणि व्यावसायिक पन्नास हजारांची. फरक त्रेचाळीस हजारांचा. समजा, ठेकेदाराकडे चार मजूर आहेत आणि मजुरी पाचशे रुपये. मशीन बंद पडली की दिवसाचे दोन हजार बसल्या जागी जातात. ट्रॅक्टरचे भाडे, मालकाला दिलेला शब्द, टालीवाल्याचा राग हे वेगळेच. त्रेचाळीस हजारांना दोन हजारांनी भागले तर साडेएकवीस येतात. म्हणजे स्वस्त मशीनमुळे महाग मशीनपेक्षा बावीस दिवस जास्त वाया जाणार असतील तर महाग मशीनच स्वस्त पडली. वर्षातून दीडशे-दोनशे दिवस काम करणाऱ्या ठेकेदाराचे तसे बावीस दिवस दोन वर्षांत सहज जातात. वर्षाला पंधरा दिवस कटर हातात घेणाऱ्या सुताराचे ते कधीच जाणार नाहीत. त्याने पन्नास हजार अडकवून ठेवणे म्हणजे भांडवल खुंटीला टांगणे. त्याच पैशात त्याला चांगला रंधा मशीन आणि महिनाभराचे लाकूड येते.

यावर काही ठेकेदारांचे म्हणणे असते की दोन स्वस्त मशीन ठेवू, एक बिघडली तर दुसरी चालेल. चौदा हजारांत काम झाले. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. वीतभर जाडीची बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, जळाऊ लाकूड एवढेच काम असेल तर तो चालतो. स्वस्त मशीनचे सुटे भाग कोणत्याही मोठ्या गावात मिळतात, कार्बोरेटर काही शेकड्यात येतो आणि मोटारसायकलचा मेकॅनिकही ती उघडतो. महाग मशीनचा अस्सल भाग हवा तर भंडारा किंवा नागपूर गाठावे लागते. हे खरेच आहे आणि महाग मशीन विकणारा ते सांगत नाही. म्हणून पक्की मशीन घ्यायची तर घेण्याआधी विक्रेत्याला एकच विचारावे: पट्टी, चेन, स्प्रॉकेट, दोरीची स्प्रिंग आणि पिस्टन हे आज दुकानात आहेत का? नसतील तर दुसरा विक्रेता पाहावा.

परंतु जुना आंबा किंवा चिंच पाडायची असेल, बुंधा दोन-अडीच फूट असेल, तर दोन स्वस्त मशीन मिळूनही एक मोठी मशीन होत नाही. तेथे सत्तर सीसीच्या आसपासचे इंजिनच लागते. लहान मशीन बुंध्यात अडकते, माणूस ती जोराने रेटतो, क्लच जळतो, आणि झाड अर्धे कापलेले उभे राहते. अर्धे कापलेले झाड ही या धंद्यातील सर्वांत धोक्याची वस्तू आहे.

या दोन टोकांच्या मध्ये तिसरा वर्ग आहे, आणि कोंढ्यातील बहुतेकांची गरज तेथेच भागते असे आमचे मत आहे. पंचेचाळीस ते पन्नास सीसीच्या, नामांकित कंपनीच्या शेतकी वर्गातील मशीन. किंमत दोन्हींच्या मधली, पट्टी सोळा ते अठरा इंच. धुऱ्यावरची झाडे, वादळाने पडलेले निंब, टालीवरचे ओंडके हे सारे त्यात बसते. रोज आठ तास चालवू नये, एवढेच पथ्य. ज्यांचे दुकान एका जागी आहे आणि जेथे वीज आहे, अशा टालीवाल्यांनी विजेच्या कटरचाही विचार करावा. पेट्रोल नाही, कार्बोरेटर नाही, दोरी ओढणे नाही. फक्त वायर जाड असावी. लांब आणि बारीक वायरीने व्होल्टेज पडते आणि मोटर जळते.

पट्टीबद्दल एक गोष्ट. स्वस्त मशीनला बावीस इंची पट्टी लावून विकतात, कारण लांब पट्टी पाहून गिऱ्हाईक खूष होतो. ते इंजिन तेवढी चेन ओढू शकत नाही. तीच मशीन सोळा-अठरा इंची पट्टीवर बरी चालते. घेतल्याबरोबर पट्टी बदललेली बरी.

फळ्या पाडण्याबद्दल

काही जण कटरने जागेवरच फळ्या पाडतात. आरागिरणीचे भाडे आणि वाहतूक वाचते असा हिशेब असतो. तो तपासून पाहू. बँडसॉची पात जेमतेम अडीच मिलिमीटर लाकूड खाते. कटरची चेन सात-आठ मिलिमीटर खाते. बारा इंच जाडीच्या सागाच्या ओंडक्यातून एक इंची फळ्या पाडल्या तर बँडसॉवर अकरा निघतात, कटरवर नऊ. दोन फळ्या भुशात गेल्या, आणि साग असेल तर त्या दोन फळ्यांची किंमत गिरणीच्या भाड्यापेक्षा जास्त भरेल. त्यातच उभ्या रेषेने कापताना इंजिनवर आडव्या कापापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो आणि त्यासाठी दातांचा कोन तीसऐवजी दहा अंशांच्या आसपास घासलेली वेगळी चेन लागते. सागाच्या लाकडात वाळूसारखा सिलिका असतो, तो धार लवकर खातो. स्वस्त मशीनवर हे काम करू नये. महाग मशीनवरही ते नाइलाजाचे काम समजावे.

महाग मशीनसुद्धा स्वस्त करून टाकणाऱ्या सवयी

सत्तर सीसीची मशीन बोथट चेनने धूळ काढते आणि पंचेचाळीस सीसीची मशीन धारदार चेनने चिप्स काढते. भुसा पिठासारखा पडू लागला की समजावे, धार गेली. गोल कानस चेनच्या मापाची हवी: लहान तीन-अष्टमांश चेनला ४ मिलिमीटर, .३२५ चेनला ४.८, मोठ्या तीन-अष्टमांशला ५.२. एकच कानस सर्व चेनना वापरणारे बरेच आहेत, आणि तेच पुढे "मशीन ओढत नाही" म्हणतात. दातापुढचा खुंट दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. तो कधीच न घासणारे आणि एकदम खूप घासणारे, दोघेही चेन वाया घालवतात. धुऱ्यावरच्या झाडात कुंपणाची जुनी तार आणि खिळे असतात, तेव्हा बुंध्याला साल नीट पाहूनच पट्टी लावावी.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना डोळ्याने अंदाज घेऊ नये. टू-स्ट्रोकचे चांगले ऑइल असेल आणि कंपनीने तसे सांगितले असेल तर पाच लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर. साध्या ऑइलला २०० मिलिलिटर. स्वस्त मशीनबरोबरच्या कागदावर जे प्रमाण असेल तेच पाळावे. दुसरी गोष्ट नवी आहे: २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि पावसाळ्यात कॅनमध्ये ठेवलेल्या मिश्रणात पाणी वेगळे होऊन खाली बसते. कार्बोरेटरचा रबरी पडदाही त्याने कडक होतो. म्हणून मिश्रण आठवड्यापुरतेच करावे. चेनच्या टाकीत मोटारसायकलचे जळके ऑइल टाकण्याची चाल सर्वत्र आहे. त्यात धातूचा चुरा असतो, तो पंप आणि पट्टी दोन्ही खातो. वाचलेले शंभर रुपये पट्टीच्या हजारात जातात.

चेनब्रेकबद्दल आम्ही ठासून सांगू. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की मशीन उसळून चालकाच्या तोंडाकडे येते. हे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते. पुढची ढाल मनगटाने ढकलली जाऊन ब्रेक लागतो म्हणूनच माणूस वाचतो. दुकानातच ढाल पुढे ढकलून पाहावी, चेन घट्ट अडकली पाहिजे. सकाळी काम सुरू करण्यापूर्वीही पाहावी. ज्या मशीनचा ब्रेक लागत नाही ती कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. हेल्मेट, चष्मा आणि कानाला बंद हे मशीनच्या किमतीतच धरावे. कटरचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि पंच्याऐंशीपासून कानाला रोजचा त्रास सुरू होतो.

जुनी व्यावसायिक मशीन मिळत असेल तर ती नव्या स्वस्त मशीनपेक्षा पुष्कळदा चांगली. इंजिन बंद ठेवून दोरीच्या मुठीला धरून मशीन हवेत लोंबकळवावी. ती धक्क्या-धक्क्याने हळू खाली आली तर कॉम्प्रेशन आहे, सरळ खाली आली तर पिस्टन गेला. सायलेन्सर खोलून पिस्टनची बाजू पाहावी, उभे ओरखडे असतील तर भाव निम्मा करावा किंवा सोडून द्यावी. नव्या मशीनचे पक्के बिल घ्यावे आणि बिलावर मशीनचा क्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटी धंद्यासाठी लागू आहे की फक्त घरगुती वापरासाठी, हे आधी वाचावे. भाड्याने चालविणाऱ्याची वॉरंटी कित्येकदा तेथेच संपते.

बिल जपण्याला आणखी एक कारण आहे. फिलिपिन्समध्ये २००२ च्या कायद्याने चेनसॉ जवळ ठेवायचीच नोंदणी करावी लागते. आपल्याकडे वाद होतो तो झाडावरून. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याखाली साग, मोह, आंबा, चिंच, खैर, ऐन, बिजा यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पवनीसारख्या नगरपालिका हद्दीत १९७५ चा नागरी वृक्ष कायदा आहे. जंगलाच्या हद्दीत तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे लाकडाबरोबर हत्यार आणि वाहनही जप्त होऊ शकते. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग आपल्याच तालुक्यात आहे. शेतमालक "माझेच झाड आहे" म्हणाला म्हणून भागत नाही. परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय मशीन सुरू करू नये आणि वाहतूक परवाना हातात आल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नये. पन्नास हजारांची मशीन वन विभागाच्या आवारात पडून राहिली तर वर केलेला सारा हिशेब उलटा होतो.

पन्नास हजार एकट्याला झेपत नाहीत आणि व्याजाचा हप्ता नको, अशांनी शिरकतीचा मार्ग पाहावा. तिघांनी मिळून एक मोठी मशीन घ्यावी आणि आपापली लहान मशीन फांद्यांसाठी ठेवावी. आंबा-चिंचेसारखे मोठे झाड प्रत्येकाकडे रोज नसतेच. मात्र तीन गोष्टी आधी कागदावर लिहाव्यात: पेट्रोल-ऑइल ज्याचे काम त्याचे, चेनची धार लावूनच मशीन पुढच्याला द्यायची, आणि बाहेरच्या कोणाला उसनी द्यायची नाही. चालवणारा हातही शक्यतो एकच ठेवावा. पावसाळ्यात काम थांबले की टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करावा, चेन काढून तेलात ठेवावी आणि मशीन कोणाच्या घरी राहणार हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.